दादाने खणलेली मर्यादवेल

माझ्या थोरल्या भावाने एकदा समुद्राची हद्द खणून काढली. त्याला कुणी सांगितले नव्हते. तो पाहुणा म्हणून गेला होता, आणि यजमानांना मदत व्हावी म्हणून त्याने ते काम एकट्याने, अगदी मुळापासून केले. मी गिरणीत सुताची वजने मांडणारा माणूस. वाढवून सांगणे माझ्या हातून सहसा होत नाही. तरीही ती उघडी पडलेली वाळू आठवली की आजही हातातले काम थांबते. जे झाले ते झाले तसे, कमीजास्त न करता लिहावे म्हणून बसलो आहे.

दादा करमाळ्याकडे आमच्या गावी असतो. वडिलांच्या मागे अठरा एकर काळी जमीन त्यानेच राखली आणि मला सोलापूरला शिकायला ठेवले. तो हरळीचा वैरी. ज्यांनी काळी जमीन कसलेली नाही त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. हरळी दिसायला बोटभर गवत, पण तिच्या मुळ्या हातभर खाली जातात. एक पेर जरी मातीत राहिले तरी पुढल्या पावसात सगळा बांध पुन्हा हिरवा. म्हणून आमच्याकडे चैत्र-वैशाखात रान मोकळे असताना ती कुदळीने खणून काढतात, मुळ्या उन्हात पसरतात, दोन-तीनदा उलथतात, म्हणजे तिच्यात जीव उरत नाही. माणूस कसा आहे हे आमच्या गावात त्याच्या बांधावरून ठरते. दादाचे बांध भांग पाडल्यासारखे असत. दुसऱ्याच्या शेतात गप्पा मारत बसला तरी त्याचा हात हरळीची काडी उपटत असे.

माझी बायको समुद्राकाठची. लग्न होऊन ती प्रथम सोलापूरला आली तेव्हा आमच्या बिऱ्हाडाच्या मागच्या विहिरीचे पाणी तिने ओंजळीने चाखले. ते पाणी मचूळ. धुण्याभांड्यापलीकडे कोणी वापरत नसे, पिण्याला नळाचे आणायचे. चाखून ती म्हणाली, "आमची विहीर उधाणानंतर अशी लागते. पण दोन दिवसच."

मग तिने मला मर्यादवेलीबद्दल सांगितले. तिच्या माहेरच्या घरापुढे वाळूवर ती पसरलेली असते. भरतीचे पाणी तिच्यापर्यंत येते आणि परत फिरते, म्हणून तिचे हे नाव. वारा वाळू उडवून आणतो, ती वेलीत अडकते, वेल त्या वाळूवर चढून पुन्हा मुळे सोडते, आणि असा वर्षानुवर्षांचा वाळूचा बांध तयार होतो. त्या बांधामागे त्यांचे माड, त्यांचे घर आणि घराची गोड्या पाण्याची विहीर. "समुद्राची गाज ऐकत गोडं पाणी काढायचं," असे ती अभिमानाने म्हणे. मी ऐकून घेई. सोलापुरात बसून समुद्राचे काहीही ऐकले तरी त्याचा पडताळा पाहता येत नाही.

हे तिने मला सांगितले, शेजारणींना सांगितले, दूधवालीलाही सांगितले. दादाला सांगितले नाही. सांगणार कशी? थोरल्या दिराशी बोलायचे नाही ही आमच्या घरची रीत. चौदा वर्षांत ती त्याच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. तो आला की ती दाराआडून ताट सरकवी. "बाईला म्हणावं, कालवण झ्याक झालंय," असे तो मला सांगे, आणि भिंतीपलीकडे ती ते ऐके.

तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात ठरले. सासू पूर्वीच वारल्या होत्या. सासऱ्यांनी आग्रहाने लिहिले की थोरल्या बंधूंनाही घेऊन या. आमचे लग्न कोल्हापूरला तिच्या नातलगांकडे लागले होते; दादाने समुद्र पाहिला नव्हता, आणि मीही तिकडे प्रथमच निघालो होतो. तो कुर्डुवाडीला आम्हांला येऊन मिळाला. तिथून छोट्या गाडीने मिरज, मग कोल्हापूर, आणि पुढे घाट उतरणारी मोटार. घाटात त्याने दोनदा मोटार थांबवायला लावली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असे पाहिले, की जणू तो रस्ता मीच वाकडा केला आहे. संध्याकाळी आम्ही पोचलो. माडांमधून समुद्र दिसला तेव्हा त्याने पटका काढून हातात घेतला. मग म्हणाला, "एवढं पानी. आन् ह्यातली एक मोट कुणाच्या उसाला चालत न्हाय."

दुसऱ्या सकाळी मी वेल पाहिली. फूल रताळ्याच्या वेलाला येते तसे, पण दुप्पट मोठे, जांभळट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराचे. पान जाड, शेंड्याला दुभंगलेले, आपट्याच्या पानासारखे. देठ मोडला की पांढरा चीक. वेल कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते समजत नव्हते. एक दोर मी हाताने मोजत गेलो. तो वाळूत शिरला, पुढे पुन्हा निघाला, पुन्हा शिरला, तेव्हा मी मोजणे सोडले. मधून मधून तिकडे ज्याला रावणाच्या मिश्या म्हणतात ते टोकदार गवत होते आणि त्याचे काटेरी गोंडे वाऱ्याबरोबर वाळूवरून गडगडत जात होते. पांढुरक्या कुर्ल्या वेलीखालून निघत आणि माझी सावली पडताच बिळात जात. वेलीच्या अलीकडे, घराच्या बाजूला, उंडीची दोन झाडे आणि मग माड. पलीकडे नुसती ओली वाळू. एका रेषेपुढे वेल जात नव्हती आणि त्या रेषेच्या आत लाट येत नव्हती. इतका चोख हिशेब मी गिरणीतही पाहिला नव्हता. दुपार व्हायच्या आत सगळी फुले मिटली.

दादा कमरेवर हात ठेवून शेजारी उभा होता. "पान आपट्याचं, फूल रताळ्याचं, आन् मुळी हरळीची," तो म्हणाला. "मामांनी लई माजू दिलीय की." दादा माझ्या सासऱ्यांना मामा म्हणत असे. मी हसलो. त्याच्या तोंडून हरळीचे नाव निघणे यात मला नवे काही नव्हते.

लग्नाला अजून अवकाश होता. सासरे, नवरी, बायको आणि मी तालुक्याच्या गावी लुगडी आणि भांडी खरेदी करायला निघालो. खाडी तरीने ओलांडून जायचे, दोन रात्रींचा मुक्काम. दादा म्हणाला, "मला न्हाय लुगड्यातलं कळत. मी घर राखतो." घरात मागे राहिल्या फक्त सासऱ्यांच्या वडील बहीण. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. नजर अधू झालेली, वावर स्वयंपाकघरात आणि मागल्या अंगणात. त्या परक्या पुरुषापुढे येत नसत. पाहुण्याचे ताट आणि ताकाचे भांडे माजघराच्या उंबऱ्यावर ठेवून कडी वाजवायच्या.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना आम्ही परतलो. तरीवरून उतरल्यावर किनाऱ्यानेच चालत येतात. बायको आणि तिची बहीण पुढे होत्या, डोक्यावर भांड्यांची पाटी. चालता चालता बायको थांबली. इकडे तिकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, आपण पुढे आलो का? घर मागे राहिलं?"

घर समोर होते. ज्या घरात ती जन्मली ते घर तिला ओळखू आले नाही, कारण घरापुढचे हिरवे नाहीसे झाले होते. फाटकापासून ओल्या वाळूपर्यंत सगळे पांढरे, सपाट, एखाद्या खळ्यासारखे सारखे केलेले. मधे मधे कुदळीच्या खुणा होत्या, त्याही कुणीतरी झाडून घेतल्या होत्या. रावणाच्या मिश्या नाहीत. कुर्ल्या नाहीत. वाळूच्या बांधाची उंचीसुद्धा फावड्याने ओढून उतरवलेली. आणि हे फक्त सासऱ्यांच्या हद्दीपुरते नव्हते. शेजारच्या घरापुढचेही निम्मे गेले होते.

फाटकात दादा उभा होता. आंघोळ केलेला, धुतलेला पटका बांधलेला.

"या की," तो म्हणाला. "आता येऊ दे वऱ्हाड खुशाल. दारात तण बघून कुणी नाव ठेवायला नगं. शेजाऱ्याचंबी वाईच काढलं, उगं हद्द कुटं मोजत बसायची. हितली माती म्हंजे निस्ती साखर. आमच्यात ज्याला आठवडा जातो ते हितं दोन दिसांत झालं."

मला कारण पुरते उमगले नव्हते, पण बायकोच्या डोक्यावरच्या पाटीतली भांडी एकमेकांवर वाजत होती, आणि ती एका जागी उभी होती.

सासरे पुढे गेले. त्यांनी दादाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून पाहिले. तळवे फोडांनी भरले होते.

"फार कष्ट घेतलेत, पाव्हणे," ते म्हणाले. "फार कष्ट घेतलेत." एवढे बोलून ते घरात गेले आणि ओटीवर भिंतीला टेकून बसले.

दादाचा चेहरा खुलला. शाबासकी मिळाल्यावर तो नेहमी करतो तसे त्याने पटक्याचे टोक मागे टाकले.

मी सासऱ्यांजवळ जाऊन बसलो. ते हळू आवाजात बोलत होते, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. पावसाला महिना आहे, ते म्हणाले. पहिल्या मोठ्या उधाणाला वाळू आत येईल. आधी विहीर जाईल. विहीर गेली की माड जातात, आणि माड गेले की घर सोडायचे.

"मग त्याला सांगायला हवं," मी म्हणालो.

"मुलीच्या सासरचा थोरला माणूस. माझ्या दारी त्याचे हात सोलवटले. आणि मी त्याला काय सांगू, जावईबापू?"

शेजारची म्हातारी दोन दिवस लेकीकडे होती, ती तेवढ्यात परतली; तिला अशी अडचण नव्हती. ती कुंपणापाशी येऊन दादाला ऐकू जाईल अशा बेताने मोठ्याने म्हणाली, "देशावर समुद्र नाही तो बरा हो. यांनी तळापासून उपटून उन्हात टाकला असता."

दादा हसला. त्याला ते कौतुकच वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा उंडीखाली दात घाशीत बसला होता. बायको घरातून बाहेर आली. मी ओटीवर होतो. ती सरळ चालत त्याच्यापुढे गेली आणि उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली.

दादाने मागे वळून पाहिले. ती दुसऱ्या कुणाला हाक मारते आहे असे त्याला वाटले. मागे कुणी नव्हते. तो उठला, आणि काय करावे ते न सुचून त्याने माझ्याकडे पाहिले. मीही तितकाच हबकलो होतो. आमच्या घरात हे कधी घडले नव्हते.

"भाऊजी, तुम्ही आमची भिंत काढलीत."

"भित?" दादा म्हणाला. "न्हाय बाई. भितीला म्या हातबी लावला न्हाय. निस्तं तण काढलं."

"चला," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली. दादा मागून निघाला, मी त्याच्या मागून. किनाऱ्याने दक्षिणेला थोडे गेल्यावर ती आत वळली. तिथे वाळूत एक चौकोनी जोते होते, त्याच्या तीनच कडा दिसत होत्या. आसपास माडांचे बुंधे, वर शेंडे नाहीत. आणि एके ठिकाणी दगडाचा गोल, जमिनीलगत. आत काठोकाठ वाळू.

"हे माझ्या आजोबांच्या चुलत्यांचं घर. होड्या ओढून घ्यायला मोकळी जागा हवी म्हणून त्यांनी वेल काढली. तीन पावसाळे लागले. ही त्यांची विहीर."

दादा गुडघे टेकून त्या गोलाशी बसला. विहीर म्हणजे त्याच्या गावात माणसाची अब्रू. त्याने वाळूत हात घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग खांदा दगडाला टेकेपर्यंत. पाणी लागते का ते तो पाहत होता. हात बाहेर काढला तेव्हा तो कोरडा होता. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"मामा काल मला..." तो म्हणाला, आणि त्याने तळवा उलटा करून फोड पाहिले. मामांनी काल त्याला काय म्हटले होते ते आम्हा तिघांनाही आठवत होते.

परत येताना तो कुणाची वाट न पाहता पुढे गेला. मी पोचलो तेव्हा तो त्याने घातलेल्या ढिगात शिरला होता. त्याने काम नेहमीसारखेच चोख केले होते. वेली उन्हात पसरल्या होत्या, दोनदा उलथल्या होत्या, मुळ्या वर करून ठेवल्या होत्या. वरचा सगळा थर वाळून काळा पडला होता. त्याने तो दोन्ही हातांनी बाजूला लोटला. खाली, जिथे थर जाड होता, तिथे काही दोर अजून हिरवे होते. तो एकेक ओढून बाहेर काढू लागला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "ही पेरावर धरती का शेंड्यावर?"

"पेरावर," बायको म्हणाली. "पेर खाली करून पुरायचं, ओल्या वाळूत. वर झावळ्या आडव्या टाकायच्या, वाऱ्यानं उघडं पडू नये म्हणून."

अशी ती दोघे बोलू लागली. चौदा वर्षांत नाही ते बोलणे एका सकाळी सुरू झाले, आणि ते सगळे पेरांबद्दल आणि झावळ्यांबद्दल होते. त्या दिवशी दादा जेवला नाही. ढिगातली जिवंत वेल चार वाफ्यांपुरतीसुद्धा नव्हती. मग तो रोज खाडीच्या तोंडापर्यंत जाऊ लागला, जिथे कुणाची वस्ती नव्हती, आणि तिथून विरळ विरळ दोर तोडून त्यांचा भारा डोक्यावरून आणू लागला. एका जागचे सगळे काढायचे नाही, हे त्याने दोनदा विचारून घेतले.

लग्न झाले. वऱ्हाड आले तेव्हा नवरदेवाचे वडील फाटकात उभे राहून म्हणाले, "वा, काय मोकळं अंगण राखलंय." दादा पंक्तीत पाणी वाढत होता. त्याने तांब्या खाली ठेवला आणि तो मागल्या दाराने निघून गेला. मी शोधायला गेलो तर तो वाळूत ओणवा होता, लग्नाच्या धोतरानिशी, आणि एका दोरावरची झावळी सारखी करत होता.

माझी रजा संपली. मी आणि बायको निघालो तेव्हा दादा म्हणाला, "मी ऱ्हातो."

"इथं? माझ्या सासुरवाडीला?" मला खरोखर धक्का बसला. आमच्याकडे माणूस स्वतःच्या सासुरवाडीला दोन रात्री राहिला तरी लोक बोलतात. "आणि शेत?"

"शेताला पोरगं हाय. हितं कोन हाय?"

सासऱ्यांनी नाही म्हणून पाहिले. दादा ओटीवर येईना. गोठ्यात घोंगडी टाकून राहू लागला. आम्ही मोटारीकडे जाताना शेजारची म्हातारी म्हणाली, "नवल आहे. जावई गेला नि जावयाचा भाऊ घरजावई झाला." या वेळी दादा हसला नाही, पण त्याने मान डोलावली, जणू ते शब्द त्याचे देणे होते.

त्या पावसाळ्यात सोलापूरला नेहमीसारखाच बेताचा पाऊस झाला. पण वारा सुटला की बायको भाकरी थापता थापता थांबायची. पत्र्याचा आवाज ऐकून वारा कुठून येतो ते ओळखायचा प्रयत्न करायची. दादाला लिहिता येत नाही. सासऱ्यांचे एकच कार्ड आले: पाव्हणे खुशाल आहेत, प्रकृतीस जपतात. विहिरीबद्दल एक अक्षर नव्हते. सासरे मुलीच्या सासरच्या माणसाबद्दल वाईट लिहिणार नाहीत हे मला कळत होते, आणि म्हणूनच त्या कार्डाचा काही उपयोग नव्हता. तिकडे आमच्या गावाहून बाजाराला आलेला एक जण मला मुद्दाम गिरणीच्या दारात गाठून म्हणाला, "दादा आजारी हाय का वं? बांधावर हरळी लई माजलीया."

भाद्रपदात, रविवारी दुपारी, दादा दारात उभा राहिला. मी त्याला क्षणभर ओळखले नाही. अंगावरचे मांस गेले होते, रंग कोळशासारखा झाला होता, भुवया मिठाने पांढुरक्या दिसत होत्या. एका काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेले काही, आणि दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. तो त्याने वाटेत कुठेही खाली ठेवला नसावा असा धरला होता.

तो आत येऊन बसला. बायको ताट घेऊन दाराआडून नाही, समोरून आली. त्याने ताट बाजूला सारले.

"आखाडातल्या आवसंला पानी आलं," तो सांगू लागला. "वरल्या अंगाची येल टिकली. तितं वाळू धरली तिनं, गुडघ्याएवढी. खालच्या अंगाची गेली. समदी गेली. आमी फळ्या लावल्या, पोती लावली, मामाबी हुते बरोबर. तरी एक लाट आत आलीच. म्या डोळ्यानं बघितली. हिरीत उतरली, बाई, पायरी उतरल्यागत."

बायको ताट सोडून त्याच्यासमोर खाली बसली.

"मंग उपसली म्या. दिस उगवल्यापासनं मावळंस्तवर. आठ दिस उपसली. मंग रोज सकाळी चाखायचो. पयलं पयलं कळायचं. मंग कळंना झालं. मामांना इचारलं तर मामा म्हनत्यात, गोड हाय, पाव्हणे. पर मामा मला वंगाळ कशाला सांगतील? मामांनी त्या दिशीबी सांगितलं न्हाय." त्याने तांब्या पुढे केला. "हे काल सकाळचं हाय. तुमी सांगा. तुमचं जल्माचं पानी हाय. आन् तुमी मला खरं बोलला हुतात."

फिरकी घट्ट बसली होती. ती मीच उघडून दिली. बायकोने वाटीत पाणी ओतले आणि घोटघोट प्याली, जसे ते पाणी पिण्याची तिला सवय होती तसे. वाटी खाली ठेवली. दादा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याच्यासारखा दांडगा माणूस एका वाटीकडे असा बघू शकतो हे मी तोवर पाहिले नव्हते.

"गोड आहे, भाऊजी," ती म्हणाली.

"बाई, खरं सांगा."

"तुमच्याशी मी कधी खोटं बोलले का? गोड आहे. पूर्वीसारखं."

दादाने डोळे मिटले आणि भिंतीला डोके टेकले. मग त्याने ताट ओढून घेतले, चार भाकरी खाल्ल्या, आणि तिथेच, पानाशेजारी, हात धुऊन आडवा झाला. गाढ झोपला.

मी वाटी स्वयंपाकघरात नेली आणि उरलेले पाणी प्यालो. मचूळ होते. आमच्या मागच्या विहिरीचे पाणी जसे लागते तसे, तिळभरही कमी नाही. मी बायकोकडे पाहिले. सुताच्या वजनात पाव तोळ्याची तफावत आली तरी मला चैन पडत नाही हे तिला माहीत होते. ती चुलीतली लाकडे मागे ओढत होती. तिने माझ्या हातातून वाटी घेतली, विसळली आणि पालथी घातली. दादासमोर उभी राहून ती जे पहिले बोलली ते खरे होते, आणि आज बोलली ते हे.

गोणपाटात वेलीचे दोर होते. ते तिने मागच्या मचूळ विहिरीपाशी लावले. दादा जाग आल्यावर म्हणाला, "हितं कशाला वं? सोलापुरात कुटला समुद्र येतोय?" तरी सीना नदीची वाळू त्यानेच आणून टाकली. त्या पाण्यावर आमच्या तुळशी मरत आल्या आहेत, पण ही वेल जगली. आमच्याकडे तिला फुले थोडी येतात आणि उन्हामुळे लवकर मिटतात. दादा येतो तेव्हा तिच्याशेजारी बसतो, आणि बोलता बोलता त्याचा हात आजूबाजूचे गवत उपटू लागतो. वेलीजवळ आला की तो हात मागे घेतो.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी बायको माहेरी जाऊन आली. खालच्या अंगालाही वेल पसरली होती, वाळूचा बांध कमरेइतका झाला होता, आणि दोन पावसाळ्यांच्या पाण्याने विहीर खरोखर गोड झाली होती. या वेळी तिने आणलेल्या तांब्यातले पाणी मीही प्यालो. त्यात खारटपणाचा लवलेश नव्हता. मला इतके हलके वाटले, की दादा आल्याबरोबर मी त्याला सांगून टाकले, "दादा, विहीर गोड झाली."

दादा भाकरी मोडत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे.

"ती तवाच गोड हुती की," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं न्हाय का?"

बायको कालवण वाढत होती. तिने मान वर केली नाही. दादाने ताट पुढे केले आणि म्हणाला, "आनी वाईच वाढा."